दुसऱ्याच्या बोर्डाखाली नाव

६ जानेवारी

सर्वप्रथम तक्रार. या दैनंदिनीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी गुलाबी बोंडअळीचं रंगीत चित्र छापलेलं आहे. पत्रकार दिनानिमित्त शहाद्याच्या एका खत-औषध विक्रेत्याने तालुक्यातल्या आम्हा सर्व वार्ताहरांना ही दैनंदिनी शाल-श्रीफळासह दिली. पान बावीस ओळींचं. त्यातल्या नऊ ओळी अळीच्या, दोन ओळी अळीवरच्या औषधाच्या, आणि उरलेल्या अकरा ओळींत मी माझं आयुष्य मांडावं अशी अपेक्षा. चोपन्न वर्षांच्या, संस्कृतात एम. ए. झालेल्या गृहस्थाच्या अंतरंगापेक्षा अळीला जागा मोठी, हा अन्याय मी निषेधपूर्वक नोंदवतो आणि अळीच्या अंगावरून लिहीत पुढे जातो.

संध्याकाळी तौसिफ आला. शकील पेंटरचा मुलगा. लोणखेड्याच्या शाळेत मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर संस्कृत शिकवलं (घंटा वाजली तर पैसे, सुटी असली तर हवा), त्या काळातला माझा विद्यार्थी. दहावीला संस्कृत घेतलं ते ‘स्कोरिंग असतं सर’ म्हणून, आणि शंभरात अठ्ठ्याण्णव मिळवून सगळ्या आळीला तोंडात बोट घालायला लावलं. पुण्यात पाच वर्षं सिनेमासाठी खोटे ढग आणि खोटे हत्ती बनवले. आता एकोणतीस वर्षांचा होऊन गावी परतलाय. वडिलांच्या दुकानावरच्या खोलीत स्वतःचं काम सुरू करणार. भागीदार त्याचा कॉलेजातला मित्र, कळसाडीचा नवनीत. त्याच्याकडे केळी, ऊस आणि लग्नं टिपायचा ड्रोन.

काम काय, ते त्याने मला अर्ध्या तासात समजावलं. संगणकात आधी नुसता सांगाडा असतो, त्याचं प्रकाश-सावलीसकट चित्र काढणं म्हणजे रेंडरिंग. एका चित्राला एका मशीनची वीस मिनिटं जातात, आणि पडद्यावरच्या एका सेकंदाला चित्रं लागतात पंचवीस. म्हणून मुंबईतली चाळीस मशीनं तासावर भाड्याने घ्यायची. ती आपल्याला कधीच दिसणार नाहीत, म्हणून त्यांना क्लाउड म्हणायचं. त्या मशीनवरच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं लायसन्स आपल्याला झेपत नाही, तेही मिनिटावर घ्यायचं. मशीन जागं झालं की लायसन्स उचलतं, झोपलं की परत ठेवतं.

“म्हणजे सॉफ्टवेअर तासिका तत्त्वावर,” मी म्हणालो.

“हां सर. फक्त ते पगारासाठी संस्थाचालकाच्या दारात चकरा मारत नाही.”

शिष्याकडून पराभव इष्टच असतो. करार एकोणीस पानी इंग्रजीत आहे. तो मी वाचून द्यायचा आणि पुढचा पत्रव्यवहार मीच बघायचा, असं ठरलं.

९ जानेवारी

शकीलभाईंचं दुकान बसस्थानकाकडून बाजारात शिरणाऱ्या रस्त्यावर आहे. खाली रंगाचे डबे, वर नवे पडदे, मधल्या जिन्यात टर्पेंटाइनचा वास. फ्लेक्स आल्यापासून बोर्ड रंगवून घेणारे थोडेच उरलेत. शकीलभाई आता ट्रकच्या पाट्या आणि शाळेच्या भिंती रंगवतात.

धंद्याला नाव मी दिलं, ‘प्रतिभास’. नवनीत म्हणाला, “सर, अर्थ काय?” म्हटलं, नसलेलं दिसणं. “मंग बरोबर शे,” तो म्हणाला.

करार वाचला. सतराव्या पानावर एक कलम सापडलं. लायसन्सवर एका जबाबदार व्यक्तीचं नाव हवं, आणि त्या नावाखाली जे जे चित्र निघेल त्याचा जाब त्या व्यक्तीने द्यायचा. मी ते मोठ्याने वाचलं, अन्वयार्थ लावला आणि वर भाष्य केलं, “म्हणजे बाळंतपण कोणाचंही असो, पाळण्याशी उभं तुम्हीच राहायचं.” सगळे हसले.

मग नाव कोणाचं? नवनीत म्हणाला, “सरनं टाका. पेपरवालास्ना नावले वजन ऱ्हास.” मी सांगितलं की वार्ताहराने दुसरा धंदा करू नये अशी आमच्या संपादकांची अट आहे. अट खरी आहे. आमच्याच पेपरचा तळोद्याचा वार्ताहर विमा विकतो हेही खरं, पण ते तिथे काढायचं कारण नव्हतं.

“माझं टाका ना सर,” तौसिफ म्हणाला. त्याला ते पाणी प्यायचा पेला पुढे करण्याइतकं सोपं वाटलं असावं. मी टाइप केलं.

१२ जानेवारी

तीन दिवस मशीनं अडून बसली होती. सगळी जागी व्हायची, लायसन्स मागायची, आणि लायसन्स वाटणारं मशीन आतून कडी लावून बसलेलं. शेवटी तौसिफला कडी सापडली. त्या मशीनच्या दारांना क्रमांक असतात, त्यातला एक उघडायचा राहिला होता. दुपारी चार वाजता चाळीसच्या चाळीस मशीनं ओळीने हिरवी झाली. नवनीतने पेढे आणले आणि पहिला पेढा पडद्याला दाखवला.

व्यवस्था अशी: आधी एक मशीन मन लावून तयार करायचं, मग त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. नवनीतला ते लगेच कळलं. “टिश्यूकल्चरनी केयी! एक रोप बनाडं का बठ्ठा मळा तसाच.” तौसिफचं म्हणणं होतं की प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं नाव मशीनमध्ये ठेवावं, म्हणजे कोणाचं काम कोणतं ते कायम कळेल. त्यासाठी दर वेळी दोन दिवस जास्त लागले असते. मी म्हटलं, “बावीस वर्षं मी ‘आमच्या वार्ताहराकडून’ या एकाच नावाने लिहितोय. दंगल, हळदीकुंकू, बिबट्या, सगळं त्यात बसलं. एक नाव पुरे.” त्याने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि स्वतःचं नाव मूळ मशीनमध्ये कायमचं बसवलं.

उतरताना शकीलभाईंनी मला थांबवलं.

“मास्तर, नाव कोणनं टाकं?”

“तौसिफचं. तुमच्या बोर्डाखाली कोपऱ्यात ‘शकील पेंटर’ असतं ना, तसंच समजा. प्रत्येक चित्राच्या पोटात त्याचं नाव जातं. दिसत नाही, पण असतं.”

ते ब्रश पुसत राहिले. “बोर्ड मी लिखू, म्हणीसन खाले नाव मन्हं,” ते म्हणाले. “हाऊ तं दुसराना बोर्ड शे, मास्तर.”

वाक्य चांगलं आहे. कधी लेखात वापरता येईल म्हणून इथे टिपून ठेवतो.

१५ जानेवारी

पहिलं काम पूर्ण झालं. लोणखेड्याजवळच्या प्लॉटची जाहिरात. उसाच्या खोडव्यावर कारंजं उडालं आणि गुलमोहर फुलला. प्लॉटमालक इतका खूश झाला की त्याने विचारलं, ही झाडं कुठे मिळतील?

२० जानेवारी

मोठं काम आलं. नवनीतला कुठल्याशा ग्रुपवरून फोन आला. बोलणारा गृहस्थ अत्यंत मधाळ. हिंदीत सुरू करतो, मराठीत संपवतो. स्वतःला कोऑर्डिनेटर म्हणवतो. नाव विचारलं तर म्हणाला, “नाव काय करायचंय सर, काम बघा.” मला हे आवडलं. नावाचा मोह नसलेला माणूस आजकाल दुर्मीळ. मी त्याला समन्वयक महोदय म्हणतो.

आपत्ती व्यवस्थापनाची जनजागृती फिल्म आहे म्हणे. आग, धावपळ, गर्दी, नागरिकांनी काय करावं वगैरे. काम थरांनी द्यायचं: रस्ता वेगळा, धूर वेगळा, माणसं वेगळी. एकावर एक चढवायचं काम ते तिकडे करणार. तौसिफ म्हणाला की मोठ्या कामांत हीच रीत असते. मी पत्र लिहून कळवलं, आम्ही कटिबद्ध आहोत.

२४ जानेवारी

महोदयांना रस्त्यासाठी नमुना हवा होता. “अस्सल खान्देशी बाजाराचा रस्ता द्या, मुंबईचा नको.” नवनीतने सकाळच्या उन्हात ड्रोन उडवून आपलाच रस्ता टिपला, बसस्थानकाच्या वळणापासून रंगाच्या दुकानापर्यंत. तौसिफने त्याच्यावरून दगडन्‌दगड उभा केला. मी सुचवलं की कोपऱ्यावरच्या रसवंतीचं चाक विसरू नको. शहाद्याचं नाव कुठल्या तरी फिल्ममध्ये जातंय ही काही थोडकी गोष्ट नाही.

घरी रोहिणीला सांगितलं. ती गहू निवडत होती. “आपलाच रस्ता काबर?” तिने विचारलं. बायकोला कलेचं वावडं असलं की नवऱ्याला दैनंदिनी लिहावी लागते.

२८ जानेवारी

आज रस्ता तयार झाला. पडद्यावर मी तो पहिल्यांदा माणसांवाचून पाहिला. भर दुपारचं ऊन, दुकानं उघडी, तराजू लटकलेला, रसवंतीचं चाक थांबलेलं, आणि कोणी म्हणजे कोणी नाही. एक कुत्रंसुद्धा नाही. शकीलभाईंच्या दुकानाची निळी फळी तेवढी डोळ्यांत भरत होती. बोर्डावरची अक्षरं इतकी हुबेहूब की मी नकळत खिडकीतून खाली वाकून खरा बोर्ड जागेवर आहे का ते बघितलं. होता. खाली शकीलभाई कोणाशी तरी हुज्जत घालत होते. तो आवाज ऐकून बरं का वाटलं ते कळलं नाही.

सहाशे चित्रं पाठवली. महोदयांचा निरोप आला: “बहोत खूब. अगदी जिवंत.”

३१ जानेवारी

धूर. आम्ही विद्यार्थी असताना न्यायशास्त्रात एकच उदाहरण घोटायचो: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. आज तौसिफच्या पडद्यावर अग्नीवाचून शुद्ध धूर निघाला, काळा, गलेलठ्ठ, अंगाला पीळ देत वर जाणारा. माझे गुरुजी असते तर अनुमानाच्या या अपघातावर महिनाभर बोलले असते.

माणसंही तयार होताहेत. दोनशे. चेहरे दुरून दिसणार नाहीत म्हणून कोणालाच चेहरा नाही. तौसिफने गंमत म्हणून एकाच्या डाव्या हातात मिटलेली छत्री दिली आहे, आणि तो तिच्यासकट धावतो. म्हटलं, “अरे, हा कोण?” “सर, हा तुम्ही. आग लागली तरी छत्री विसरणार नाही.”

३ फेब्रुवारी

माझाही हात आता या कलाकृतीला लागला. महोदयांनी स्वतः मला फोन केला. फिल्ममध्ये खाली बातमीची पट्टी धावते असं दाखवायचंय, तर ती खऱ्या वार्ताहराच्या भाषेत हवी. गावाचं नाव रिकामं ठेवा, म्हणजे प्रशिक्षण कुठेही दाखवता येईल. मी पाच ओळी दिल्या. त्यातली एक मला फार आवडली: ‘____ येथे तणाव विकोपास, बाजारपेठ मौन’. ‘बंद’ कोणीही लिहील. बावीस वर्षं मी ‘मौन’ लिहितो आणि बावीस वर्षं संपादक ते खोडून ‘बंद’ करतात. महोदयांनी एक अक्षर बदललं नाही. “आपल्या लेखणीत वजन आहे,” म्हणाले.

गुणग्राहक माणूस आहे.

६ फेब्रुवारी

महोदयांच्या नव्या सूचना नवनीतने वाचून दाखवल्या. गर्दीतल्या निम्म्या लोकांच्या गळ्यात रुमाल हवेत. रंग भरू नका, रंग ते तिकडे भरतील. आणि रस्त्यावरच्या एकाच दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं, आत अंधार. कोणतं दुकान? निळ्या फळीचं.

तौसिफने सूचना पुन्हा एकदा वाचल्या. मग म्हणाला, “सर, आग विझवायचं काय आहे यात? बंब नाही, पाण्याची बादलीसुद्धा मागितली नाही त्यांनी.”

मी म्हणालो की नाटकात आधी अनर्थ दाखवतात, मग उपदेश. उपदेश पुढच्या भागात असेल.

“असंच असेल सर,” तो म्हणाला. मी त्याचा गुरू आहे. माझं म्हणणं तो खरं धरतो, ही सवय त्याला मीच लावली.

९ फेब्रुवारी

लिहायला बसून अर्धा तास झाला.

दुपारी पेपरच्या ग्रुपवर क्लिप आली. दुसऱ्या जिल्ह्यातलं एक बाजारगाव. रस्ता त्यांचा, आमचा नव्हे. त्यावर काळा गलेलठ्ठ धूर, धावणारी माणसं, निम्म्यांच्या गळ्यात एका रंगाचे रुमाल. रंग लिहीत नाही. खाली पट्टी: गावाचं नाव, आणि पुढे ‘येथे तणाव विकोपास, बाजारपेठ मौन’.

संपादकांचा फोन आला. पोलिसांनी क्लिप खोटी असल्याचं सांगितलंय, पण तोवर दोन तास गेले होते. त्या दोन तासांत लोक खरोखर रस्त्यावर आले, एक हातगाडी खरोखर जळाली, आणि तिचा म्हातारा मालक दवाखान्यात आहे. मी तीनशे शब्द लिहून द्यावेत. फोन ठेवताना हसून म्हणाले, “हिलालराव, खालची पट्टी वाचली का? तुमच्यासारखा मौनवाला आणखी कोणी तरी निघाला बुवा.”

मीही हसलो. ते जमलं.

क्लिप पुन्हा पुन्हा बघितली. मौन हा शब्द काही माझी मिरास नाही, कोणीही वापरेल. धूर सगळा सारखाच असतो. असं म्हणत असतानाच उजव्या कोपऱ्यातून एक जण धावत गेला, डाव्या हातात मिटलेली छत्री घेऊन.

अग्नीवाचून धूर निघतो, हे मला नऊ दिवसांपूर्वी कळलं होतं. धुरातून अग्नी निघतो, हे आज कळलं.

तीनशे शब्द लिहून पाठवले. ‘अज्ञात समाजकंटकांनी’ असं लिहिलं.

१० फेब्रुवारी

सकाळी वर गेलो तेव्हा तौसिफ आणि नवनीत दोघंही क्लिप बघून बसले होते. तौसिफने लायसन्स वाटणारं मशीन बंद केलं. चाळीसही मशीनं एकेक करत विझली. मग त्याने पाठवलेल्या एका चित्राच्या पोटातली माहिती उघडून आम्हाला दाखवली. तारीख, वेळ, मशीनचा क्रमांक, आणि खाली त्याचं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट. धुराच्या चित्रात तेच, माणसांच्या चित्रात तेच. दोन हजार चारशे चित्रं, दोन हजार चारशे वेळा.

“पुसून टाक!” नवनीत म्हणाला.

“इथलं पुसेन रे. त्याच्याकडचं कसं पुसू?”

तेवढ्यात महोदयांचा फोन आला. मशीनं बंद झाल्याचं त्यांना कसं कळलं कोण जाणे. कदाचित नेहमीचाच फोन असेल. तौसिफने स्पीकरवर टाकला. आवाजातला मध तसाच.

“अर्ध्या शटरचा थर राहिलाय, तौसिफभाई.”

“आम्ही काम बंद केलंय.”

“हरकत नाही. त्याच्याशिवायही भागेल. रस्ता आहे, धूर आहे, माणसं आहेत. आम्ही कुठे तक्रार करणार नाही. तुम्हीही करू नका. प्रत्येक फ्रेममध्ये तुमचं नाव आहे, आमचं कुठेच नाही. सरांना नमस्कार सांगा. त्यांची भाषा छान आहे.”

फोन बंद. नंबर आता लागत नाही.

खाली रसवंतीच्या चाकाचे घुंगरू वाजत होते. मग नवनीतने ते म्हटलं, जे आम्हा तिघांनाही तेव्हाच सुचलं असावं: “आपला रस्ता अजून वापरेल नही.” म्हणजे तो कधीतरी बाहेर यायचाच आहे.

११ फेब्रुवारी

शकीलभाईंना सांगावंच लागलं. ते वर आले, रंगाचे हात तसेच. तौसिफने रस्ता दाखवला, मग वर धूर चढवला, मग माणसं. त्यांचं दुकान धुरात दिसेनासं झालं. ते बराच वेळ बघत राहिले. मी समजत होतो ते रागावतील.

“अक्षर बराबर काढं तू,” ते मुलाला म्हणाले. “‘शकील’ना ‘श’ मन्हासारखाच.”

मग खुर्ची ओढून बसले. “आते काय करानं?”

नवनीतचं मत गप्प राहावं. “चाचा, आपण बोलनूत का पहिला हात तौसिफवर पडी. मन्हा बाप माले सोडाई लई. याले कोण सोडाई?” वाईट वाक्य आहे, पण खोटं नाही, आणि ते तौसिफच्या काळजीनेच तो म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“अन्‌ नही बोलनूत तं?” शकीलभाई म्हणाले. “एखादा दिन हाई बाहेर पडी. बठ्ठा बाजार पळी. कोणतरी मरी. मंग लोक चित्रनं पोट फाडतीन अन्‌ मन्हा पोऱ्यानं नाव काढतीन. तवय मी काय सांगू, का आम्हले आधीच मालूम व्हतं?”

उद्या सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात जायचं ठरलं. आपण होऊन, सगळी चित्रं आणि पत्रव्यवहार घेऊन. शकीलभाई माझ्याकडे वळले. गेली तीस वर्षं ते मला मास्तर म्हणतात. आज पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला. हिरवा रंग अजून माझ्या मनगटाला आहे.

“मास्तर, तुम्हीन संगे ऱ्हाया का त्या ऐकतीन. तुम्हीन सांगा, नाव कसं पडनं ते.”

“अर्थातच,” मी म्हणालो. “मीच तर सगळा पत्रव्यवहार केलाय.”

तौसिफ म्हणाला, “अब्बा, सरांना कशाला मध्ये ओढता? त्यांचा पेपर आहे. नाव मीच टाका म्हणालो होतो.”

ते खरं आहे. तो म्हणाला होता. मी त्याचं म्हणणं तेवढ्यावरच राहू दिलं.

१२ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ

ठाण्यात द्यायचं निवेदन लिहून काढलं. दोन पानी, स्वच्छ, मुद्देसूद. रोहिणीला वाचून दाखवलं. ती चुलीशी नव्हती, गव्हाशी नव्हती, माझ्यासमोर हात बांधून बसली होती. ‘सदर परवान्यावर श्री. तौसिफ यांचे नाव नोंदविण्यात आले. विविध ग्राहकांकरिता एकच नाव ठेवण्याचा निर्णय घेण्यात आला. पट्टीकरिता मजकूर उपलब्ध करून देण्यात आला.’

“कोणी घेतला निर्णय?” तिने विचारलं. रोहिणी रागावली की अहिराणी सोडून शाळेतल्या मराठीत बोलते. “मजकूर कोणी दिला?”

“ते अध्याहृत आहे.”

“दोन पानांत तौसिफ सात वेळा आला. तुम्ही कुठे आहात?”

फाडून दुसरं लिहिलं. त्यात ‘आमच्याकडून’ असं आलं. तेही फाडलं. तिसरं समोर आहे. त्यात एका ठिकाणी ‘हिलाल’ लिहिलं होतं. शाई वाळेपर्यंत बघत बसलो आणि मग त्यावर रेघ मारली, का ते मला सांगता येत नाही. सांगता येतं. पेपर जाईल. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव छापून येईल, आणि ते असं. रोहिणी आत निघून गेली.

साडेदहा

शकीलभाई आणि तौसिफ माझ्या घराखाली आलेत. खिडकीतून दिसताहेत. तौसिफने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलाय, हातात पेनड्राइव्हची डबी. नवनीत आलेला नाही. शकीलभाई मुलाच्या शर्टाची कॉलर नीट करताहेत, लग्नाला निघाल्यासारखी. रस्त्यावर नेहमीची गर्दी आहे. मी पुन्हा पुन्हा ती मोजतोय.

दोन मिनिटांत उतरायचंय, म्हणून सरळ लिहितो. मला पोलिसांची भीती वाटत नाही. क्लिपची वाटते, पण ती आता माझ्या हातात नाही. माझी खरी काळजी वेगळी आहे. ठाण्यात साहेब विचारतील, हे नाव टाकायचं कोणी ठरवलं? मी तौसिफकडे बघेन. तो माझ्या आधी ‘मी’ म्हणेल. आणि मी त्याला तसं म्हणू देईन.